पिकायची वाट कशाला बघायची?

बेळगावात आमच्या चर्चमध्ये रविवारच्या मिस्सेत मराठी वाचन आजोबा करायचे. चष्मा लावून, एक अक्षरही न चुकता. पण पायऱ्या उतरताना ते अडखळायला लागले. बाजूने कुणी आलं की धक्का ठरलेला. आम्ही म्हणालो, वय झालं. ते म्हणाले, "मोतीबिंदू असेल, पिकला की काढू."

तो काचबिंदू निघाला.

दोन्ही शब्दांत 'बिंदू' असल्यामुळे आपल्याला हे आजार भाऊ-भाऊ वाटतात. तसं नाही. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग गढूळ होतं. ऑपरेशन करून ते बदललं की बहुतेकांना पुन्हा नीट दिसतं. काचबिंदूत डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नसच खराब होत जाते, बहुधा डोळ्यातला दाब वाढल्यामुळे. गेलेली नजर परत येत नाही. नेहमी आढळणाऱ्या प्रकारात काही दुखत नाही आणि आधी कडेची नजर जाते. म्हणूनच आजोबांना पुस्तकातली ओळ दिसायची, पायाखालची पायरी नाही.

माझा राग 'बघूया पुढे' या आपल्या सवयीवर आहे. आणि 'नंबर काढला म्हणजे डोळे तपासले' या समजावरही. भिंतीवरची अक्षरं वाचून चष्मा मिळतो, पण तेवढ्याने डोळ्यातला दाब कळत नाही, मागची नस दिसत नाही. नुसता दाब मोजूनही भागत नाही, कारण काहींचा दाब ठीक असतानाही नस खराब होते. त्यासाठी नेत्रतज्ज्ञांकडेच जायला हवं. चाळिशी उलटली असेल, आईवडिलांना किंवा भावंडांना काचबिंदू असेल, मायनस नंबर मोठा असेल, मधुमेह असेल, तर टाळूच नये. आणि स्टिरॉइडचे थेंब मनानेच घालत राहणं तर धोक्याचंच.

आजोबांचे थेंब आता रोज रात्री मी घालते. उरलेली नजर टिकावी, एवढ्यासाठीच. वाचन त्यांनी सोडलं.

पप्पा पन्नाशीला आलेत. तपासणीचं काढलं तर म्हणाले, "मला सगळं स्वच्छ दिसतंय की." मी म्हटलं, "आजोबांनाही दिसत होतं." मग मुकाट्याने आले. त्यांची तपासणी झाली. माझा नंबर मायनस सहा. येत्या शनिवारी माझी पाळी.

तुमच्या घरी शेवटची तपासणी कधी झाली, हे आज जेवताना विचारा. 'चष्मा बदलला ना' असं उत्तर आलं, तर झालेली नाही असं समजा.