कुंडी भंडाऱ्यातला चुना

बुऱ्हाणपूर म्हटलं की लोकांना मुमताजमहल आठवते. १६३१ साली ती तिथेच गेली, आणि मग तिला आग्र्याला नेलं. आपण मराठी माणसं त्यात १६८१ सालची मराठ्यांची स्वारी जोडतो. मला विचाराल तर या गावातली सर्वांत थोर गोष्ट जमिनीखाली आहे. १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानाच्या अमदानीत, सातपुड्याकडून तापीकडे झिरपणारं पाणी भुयारात धरून नुसत्या उतारावर गावापर्यंत आणलं. तोच हा कुंडी भंडारा. रहाट नाही, पंप तर नाहीच. शंभरेक कुंड्या ओळीनं, खालून एकमेकींना जोडलेल्या. २०२४ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत त्याचं नाव गेलं. छान झालं. पण खाली उतरल्यावर माझी नजर खिळली ती भिंतींवरच्या पांढऱ्या थरावर.

आपल्या गोव्याच्या माणसाला हा थर नवा. चिऱ्याच्या जमिनीतलं आपलं विहिरीचं पाणी हलकं. न्हाणीतलं भाण काळं होतं ते बाहेरून. तिथलं पाणी जड. मातीतून झिरपताना ते कार्बन डायऑक्साइड घेतं, थोडं आंबट होतं आणि चुना विरघळवतं. भुयारातल्या मोकळ्या हवेत आलं की तो वायू उडून जातो आणि चुना कॅल्साइट होऊन भिंतीवर बसतो. ज्या फटींतून पाणी आत यायचं, त्याच हळूहळू बुजतात. म्हणजे पाणी स्वतःच स्वतःची वाट बंद करतं!

उपाय काय? घासा, म्हणतील. पण अर्धवट घासलेल्या भिंतीवर उरलेले स्फटिक नव्या चुन्याला आयती बैठक देतात. आम्ल ओता, म्हणतील. मग चुन्यातलं जुनं बांधकामही विरघळेल.

इथे मला संगणक हवा आहे. कॅल्शियमचे, कार्बोनेटचे, पाण्याचे अणू संगणकात मांडायचे, प्रत्येकावर बाकीच्यांचा जोर किती ते काढायचं, सेकंदाचे एकावर पंधरा शून्यं इतके भाग केले तर त्यातल्या एका भागाइतक्या (!) क्षणापुरतं सगळ्यांना सरकवायचं आणि पुन्हा तेच. या पद्धतीचा एक जनक आपल्याच हैदराबादचा, अनीसुर रहमान. १९६४ साली अमेरिकेत त्यानं द्रवरूप आर्गॉनचे ८६४ अणू असे चालवून दाखवले. १९७१ मध्ये स्टिलिंजरबरोबर पाण्याचे २१६ रेणू. आज याच वाटेनं कॅल्साइटचा पृष्ठभाग अभ्यासला जातो. मॅग्नेशियम त्याची वाढ का रोखतं? तर ते आपल्याभोवतीचं पाणी सहजी सोडत नाही, हे अशा गणितातून दिसतं. मग कुठल्या कुंडीत मॅग्नेशियम किती, हा प्रश्न एकदम महत्त्वाचा होतो.

अर्थात अणूंचं हे गणित सहसा मायक्रोसेकंदांपर्यंत पोचतं, आणि भुयार चारशे वर्षांचं. मध्ये आणखी पायऱ्या लागतात: अणूंवरून थर वाढण्याचा वेग, वेगावरून पूर्ण भुयाराचा हिशेब. आणि त्या हिशेबात घालायचे आकडे तिथल्याच पाण्याचे हवेत, पुस्तकातले नव्हेत.

महासंगणक म्हटलं की आपल्याला हवामान आठवतं, नाहीतर १९९१ चा पुण्याचा 'परम ८०००' आणि त्याबद्दलचा अभिमान. अभिमान असावाच. पण खनिजांवर, धातूंवर हिशेब करणारे विद्यार्थी आपल्या विद्यापीठांत आहेत, आणि त्यांना प्रश्न बहुतेक परदेशी नियतकालिकांतून मिळतात. एखाद्याला बुऱ्हाणपूरच्या लिफ्टमधून खाली का पाठवू नये? पुरातत्त्ववाल्यांनीही रसायनवाल्याला नुसता पाहुणा समजू नये.

आजूबाजूच्या बोअरवेलनी भूजलच खाली गेलं तर मात्र कॅल्साइटचं गणित कितीही बरोबर येऊन उपयोग नाही. ते कळायला महासंगणक लागत नाही. असो. तूर्त माझी मागणी लहान आहे. पावसाआधी आणि पावसानंतर, प्रत्येक कुंडीतली एकेक बाटली पाणी. तापमान, आम्लता, कॅल्शियम, मॅग्नेशियम. पाचेक वर्षं, न चुकता.