परसबाग : पिकला तरी हिरवाच

मेथीवरचा मागचा लेख वाचून दोघी-तिघींनी विचारलं, “तुमच्याकडचा तो हिरवा टोमॅटो पिकलाय हे कळतं कसं?” प्रश्न रास्त आहे. ‘ग्रीन झेब्रा’ नावाचा हा वाण अमेरिकेतल्या टॉम वॅग्नर यांनी तयार केला आणि 1983 मध्ये बाजारात आणला. कच्चा असताना हिरवा, पिकल्यावरही हिरवा, अंगावर गडद पट्टे. आमच्या निपाणीच्या परसात त्याचं हे तिसरं वर्ष.

नेहमीचा टोमॅटो पिकताना त्यातलं हरितद्रव्य मोडतं आणि लायकोपीन हे लाल द्रव्य तयार होतं. या वाणात हरितद्रव्य टिकून राहतं आणि लाल रंग भरत नाही. बाकी सगळं होतं. फळ मऊ पडतं, गोडी येते, आंबटपणा उतरतो. खरं तर आपल्याला हे नवीन नाही. सीताफळ लाल होण्याची वाट कोण बघतं? डोळे उघडले, दाबून बघितलं की झालं. टोमॅटोच्या बाबतीत मात्र आपण डोळ्यांवरच विसंबलेलो असतो.

आमच्या भागात पाऊस ओसरल्यावर सप्टेंबरात बी टाकावं. चार आठवड्यांनी रोपं दोन-दोन फुटांवर लावावीत. वेल उंच जातो, म्हणून बांबू आणि सुतळी आधीच तयार ठेवा. लावणीपासून साधारण अडीच महिन्यांत फळ हाताशी येतं. थंडी जास्त पडली तर थोडं उशिरा.

आता निपाणीकरांसाठी खास गोष्ट. टोमॅटो आणि तंबाखू एकाच कुळातले. तंबाखूच्या पानावर चट्टे पाडणारा मोझॅक विषाणू टोमॅटोलाही धरतो, आणि वाळवलेल्या तंबाखूत तो वर्षानुवर्षं जिवंत राहतो. (विषाणू म्हणून जगाने ओळखलेला पहिला विषाणू हाच. 1892 मध्ये इवानोव्स्की आणि 1898 मध्ये बायरिंक यांनी याच्यावरच काम केलं.) म्हणजे तंबाखू मळलेला हात रोपाला लागला की रोग गेलाच. पानं चितकबरी होतात, आक्रसतात, आणि मग औषध नाही. रोप उपटून टाकायचं, एवढंच.

आमच्या मामंजींची उमर तंबाखूच्या वखारीत गेली. तळहातावर चिमूट मळल्याशिवाय ते परसात पाऊल टाकत नाहीत. पहिल्या वर्षी मी हिंमत करून म्हटलं, “मामंजी, रोपांना हात लावायच्या आधी साबणाने हात धुवाल का?” त्यांनी माझ्याकडे बघितलं. “चाळीस वर्षं तंबाखूत काढली म्या. आता तू शिकवतीस व्हय?” दोन दिवस परसाकडे फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी नळाजवळ साबणाची वडी ठेवलेली दिसली. मी काही बोलले नाही, तेही नाहीत.

तोडणीला मात्र त्यांच्याइतका तरबेज आमच्या घरात कोणी नाही. वखारीत पान बोटांनी चोळून प्रत ठरवायची सवय. फळ न तोडता देठाच्या उलट बाजूला अंगठा टेकवतात, हलकेच. कडक लागलं तर सोडतात. किंचित दबलं, आणि पट्ट्यांमधली जागा पिवळसर झाली असेल, तर गाठीपाशी वळवून काढतात. त्याच वेळी काढलेलं चांगलं. आणखी चार दिवस ठेवलं तर आत पिळपिळीत होतं आणि वरून काही कळत नाही, कारण रंग तोच. माझा मुलगा फोटो काढून विचारतो, “आई, हा पिकलाय का?” फोटोवरून मी काय सांगणार! हात लाव म्हणते.

खायचा तो कच्चाच. कोशिंबिरीत, नाहीतर फोडी करून वर मीठ-मिरपूड. सार करू नका. शिजला की हिरवा रंग उडून मळकट होतो आणि घरातले तोंड वाकडं करतात. शेंगदाणे-तीळ घालून आपण करतो ती चटणी कच्च्या, कडक टोमॅटोची. त्यासाठी हा वाया घालवू नका.

हा संकरित वाण नाही, त्यामुळे बी घरचं धरता येतं. चांगल्या निरोगी झाडाचं पूर्ण पिकलेलं फळ घ्या, गर-बी वाटीत थोड्या पाण्यात दोन-तीन दिवस आंबवा, धुऊन सावलीत वाळवा. कागदी पाकिटावर वर्ष लिहून ठेवा. आमच्याकडे ते मामंजी लिहितात.