भाकरीची लाज आणि वजनाची काळजी

वजन हा अलीकडे आपल्या बोलण्यातला मोठा विषय होऊन बसला आहे. पूर्वी वजनाचा काटा किराणा दुकानात, भुसार बाजारात किंवा फार तर रेल्वे स्टेशनवर दिसे. आता तो घराघरांत आणि व्यायामशाळांत येऊन बसला आहे. महाविद्यालयाच्या कट्ट्यावर परीक्षेच्या खालोखाल चर्चा कशाची होत असेल, तर ती कोण सुटले आणि कोण वाळले याची! कुणी रात्रीचे जेवण सोडले आहे, कुणी भात वर्ज्य केला आहे, तर कुणी प्रथिनांच्या भुकटीचा महागडा डबा आणून उशाशी ठेवला आहे. ही सारी धडपड पाहिली की 'काखेत कळसा आणि गावाला वळसा' ही म्हण आठवल्यावाचून राहत नाही. ज्वारी, बाजरी, तूर आणि हरभरा पिकविणाऱ्या मराठवाड्यात राहायचे आणि पोषण मात्र डबाबंद पदार्थांत शोधायचे, याला दुसरे काय म्हणावे?

वजनाची काळजी करू नये, असे मला मुळीच म्हणायचे नाही. ती करण्याची रीत चुकते आहे, एवढेच माझे म्हणणे आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचे जे चित्र दिसले, ते विचार करायला लावणारे आहे. १५ ते ४९ वयोगटातील सुमारे २३ टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणापेक्षा अधिक आणि जवळजवळ २१ टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणापेक्षा कमी आढळले. निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय होता. म्हणजे एकाच बाकावर बसणाऱ्या मैत्रिणींपैकी एक जाड, एक हडकुळी आणि दोघींच्याही अंगात रक्त कमी, असे आपल्या राज्याचे चित्र आहे. वरवर पाहता हे दोन परस्परविरोधी प्रश्न वाटतात. पण मूळ एकच आहे. पोट भरते, पोषण होत नाही!

या बाबतीत पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे संशोधन प्रत्येक विद्यार्थ्याने जाणून घ्यावे, असे आहे. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र प्रसिद्ध झाले. वजन किलोग्रॅममध्ये घेऊन त्याला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की जो आकडा येतो, त्यावरून माणूस जाड की बारीक हे ठरवितात. तो आकडा दोघांचाही अगदी सारखा, २२.३ होता. पण शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या अंगात ती ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के निघाली. काटा दोघांना सारखे म्हणत होता, शरीर मात्र वेगळेच सांगत होते. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून चाललेल्या अभ्यासात याचा आणखी उलगडा झाला. तिथली बाळे जन्मतः सरासरी २.७ किलोंची, तर इंग्लंडमधली ३.५ किलोंची होती. मात्र आपल्या बाळांत कमतरता मुख्यतः मांसाची होती, चरबीची तितकी नव्हती. आणि ज्या मातांच्या आहारात पालेभाज्या आणि फळे अधिक वेळा होती, त्यांची बाळे अधिक भरलेली होती.

यावरून मी एक धडा घेतला आहे. उपाशी राहून काटा खाली आणणे सोपे आहे, पण त्यात मांस झडते आणि चरबी पुन्हा चढते. अंगकाठी बारीक म्हणून निर्धास्त राहण्यातही अर्थ नाही. तेव्हा आपण किती किलोंचे आहोत, या प्रश्नाआधी आपण काय खातो, हा प्रश्न विचारला पाहिजे. आणि तो प्रश्न विचारला की आपल्या भागात तो भाकरीपाशी येऊन थांबतो.

भाकरी आपल्या ताटातून कशी हलली, हे पाहण्यासारखे आहे. आमच्या आजी-आजोबांच्या पिढीत गव्हाची पोळी सणावाराला किंवा पाहुणा आला तर होई. रोजची ती भाकरी. पोळी मोठ्यांची आणि भाकरी गरिबांची, ही समजूत तेव्हापासूनची. पुढे १९७२ चा दुष्काळ आला. रेशनवर अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो मिळू लागली. खडी फोडण्याच्या कामावर सुकडी वाटली गेली. मिलोची ती भाकरी ज्यांनी खाल्ली, त्यांच्या बोलण्यात अजूनही तिची चव येते. भाकरी आणि हलाखी यांची गाठ मनात आणखी घट्ट बसली. पुढे रेशनवर गहू आणि तांदूळ नियमित येऊ लागले. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी ५ किलो धान्याचा हक्क दिला आणि २०२३ पासून ते धान्य मोफत झाले. या धान्याने लाखो चुली पेटत्या ठेवल्या, हे विसरणे कृतघ्नपणाचे ठरेल. पण त्याच वेळी शेतातली ज्वारी जाऊन तिथे सोयाबीन आणि कापूस आला. आज ज्वारी पुष्कळदा गव्हापेक्षा महाग मिळते. गरिबाचे धान्य गरिबालाच परवडेनासे झाले!

गंमत अशी की, २०२३ हे वर्ष साऱ्या जगाने भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले. आपल्या सरकारने त्यांना 'श्रीअन्न' असे भारदस्त नाव दिले. आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाने २०१८ साली लोह आणि जस्त अधिक असलेला 'परभणी शक्ती' हा ज्वारीचा वाणही काढला. आता हीच ज्वारी बिस्किटे आणि पोहे होऊन चकचकीत पाकिटांतून मोठ्या दुकानांत विकली जाते. पिकते तिथे विकत नाही म्हणतात, ते खोटे नाही. पाकिटातली ज्वारी प्रतिष्ठेची आणि फडक्यातली भाकरी लाजेची, असा हा न्याय आहे.

ही लाज काल्पनिक नाही. खेड्यातून या शहरात शिकायला आलेल्या अनेक मुलांचा डबा आजही एस. टी. ने येतो. आई पहाटे उठून भाकरी थापते, बाप किंवा भाऊ फाट्यावर येऊन डबा गाडीत ठेवतो आणि मुलगा छत्रपती संभाजीनगरच्या बसस्थानकावर तो उतरवून घेतो. त्या डब्यात दोन-तीन भाकरी, पिठले किंवा मटकीची उसळ, ठेचा आणि कागदात बांधलेली शेंगदाण्याची चटणी असते. आहारशास्त्राच्या कोणत्याही तज्ज्ञाने मान डोलवावी असे हे जेवण! पण तो डबा चारचौघांत उघडायला मुले कचरतात. खोलीत जाऊन, दार लावून खातात आणि बाहेर मित्रांबरोबर मात्र समोसा-कचोरी खाऊन आपण शहरी झाल्याची खात्री करून घेतात. माझ्या मते आपल्या पिढीच्या आहाराचा खरा प्रश्न इथे आहे. ज्ञान कमी आहे असे नाही, अभिमान कमी आहे.

मात्र जुने ते सारे सोने, असेही मला म्हणायचे नाही. आजीच्या हातच्या सकस जेवणाच्या आठवणी सर्वांच्याच वाट्याला आलेल्या नाहीत. शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे २०१५ साली प्रसिद्ध झालेले पुस्तक वाचावे. मराठवाड्यातल्या ज्या वस्त्यांत तेल, तूप आणि दूध जवळजवळ नव्हतेच, तिथे माणसे काय खाऊन जगली हे त्यात कळते. ज्यांना शिळ्यापाक्यावर दिवस काढावे लागले, त्यांच्या मुलांनी पोळी-भाताला मान दिला तर त्यांना हसण्याचा अधिकार कुणालाही नाही. भाकरीचा आग्रह धरायचा तो या जाणिवेने धरायचा. गरिबीचे गोडवे गाण्यासाठी नव्हे.

भाकरीविषयी भाबडेपणाही नको. भाकरी खाल्ली की वजन उतरते, असे सर्रास सांगितले जाते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली अन्नघटकांचे जे कोष्टक प्रसिद्ध केले, ते काय सांगते? १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे ३३५ उष्मांक, १० ग्रॅम प्रथिने आणि १० ग्रॅम चोथा असतो. चाळून कोंडा न काढलेल्या गव्हाच्या पिठातही जवळपास तेवढेच असते. सडलेल्या तांदळात मात्र चोथा ३ ग्रॅमच्या आत येतो, आणि मैद्याचीही तीच गत. म्हणजे शत्रू पोळी नाही. शत्रू आहेत ते मैदा, साखर आणि कढईतले तेल. भाकरीचे खरे मोठेपण असे की, ती तेलाशिवाय होते, चावून खावी लागते आणि कोरडी घशाखाली उतरत नाही. तिला सोबत पालेभाजी, वरण किंवा उसळ लागतेच. भाकरी एकटी येत नाही, आपला सारा गोतावळा घेऊन येते!

चहाचाच हिशेब करा. दिवसाला चार चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर धरली, तर ४० ग्रॅम साखर होते. वरची साखर दिवसाला २५-३० ग्रॅमपलीकडे जाऊ नये, असे याच संस्थेचे २०२४ चे मार्गदर्शन आहे. टपरीवरच्या गप्पांतच आपण ही मर्यादा ओलांडून बसतो. त्याच मार्गदर्शनात ताटाचा अर्धा भाग भाज्या आणि फळांचा असावा, असे सांगितले आहे. आपल्या खानावळींच्या ताटात काय असते? पोळ्यांची चवड, भाताचा ढीग, पाण्यासारखे वरण आणि बटाट्याची भाजी. बटाट्याला भाजी म्हणून समाधान मानायचे, एवढेच. आपल्या भागात मेथी, शेपू, अंबाडी, तांदुळजा, करडई आणि शेवगा यांना तोटा नाही. जालन्याची मोसंबी आणि दौलताबादकडची सीताफळे, पेरू आपल्या दाराशी येतात. एका बाटलीबंद पेयाच्या किमतीत हंगामातला एखादा पेरू सहज येतो.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट बोलली पाहिजे. आठवड्याचा एक उपवास, शिवाय चतुर्थी, एकादशी आणि नवरात्र! त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, तळलेले वेफर्स आणि गोड चहा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण आपल्या पूर्वजांनी उगाच केलेली नाही. श्रद्धा ज्याची त्याने ठेवावी, पण उपवासाने वजन घटते हा भ्रम ठेवू नये. उपवास करायचाच तर शेंगदाणे, दही, राजगिरा आणि फळे आहेत. आणि घरात सर्वांचे झाल्यावर उरलेले खाणारी बाई जोवर आहे, तोवर रक्तक्षयाच्या गोळ्या पुऱ्या पडणार नाहीत.

किती वेळा जेवावे, यावरही सध्या मोठा वाद आहे. डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेला आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी गावोगाव पोहोचविलेला दोनदाच जेवण्याचा विचार एका बाजूला आहे. दर दोन तासांनी थोडे थोडे खावे, असे म्हणणारे दुसऱ्या बाजूला आहेत. मी यात न्यायाधीश होऊ इच्छीत नाही. ज्याला मधुमेह किंवा अन्य विकार आहे, त्याने आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. पण घड्याळावर भांडताना ताटाकडे दुर्लक्ष होऊ नये, एवढेच मला वाटते. दोनदा खाल्लेला मैदा हा मैदाच, आणि सहा वेळा खाल्लेली साखर ही साखरच!

आता प्रश्न करायचे काय, हा. मला काही साध्या गोष्टी सुचतात. महाविद्यालयाच्या उपाहारगृहात समोशाच्या शेजारी भाकरी-उसळीची एक थाळी असावी. उकडलेले अंडे, फुटाणे, शेंगदाणे, केळी आणि ताक ठेवावे. भाकरी करणे वेळखाऊ असते. ती एकेक थापावी लागते आणि ताजी खावी लागते, म्हणून खानावळवाले टाळतात, ही अडचण खरी आहे. पण या शहरात भाकरी करून देणाऱ्या कितीतरी कष्टाळू बायका आहेत, बचत गट आहेत. त्यांना हे काम दिले, तर मुलांना भाकरी मिळेल आणि त्यांच्या घराला हातभार लागेल. वसतिगृहांच्या मेसमध्ये आठवड्यातून तीन दिवस पालेभाजी आणि रोज घट्ट वरण असावे, एवढी मागणी आपण विद्यार्थ्यांनीच लावून धरली पाहिजे. रेशनवर ज्वारी नियमित मिळावी, ही मागणी तर त्याहून मोठी आणि शेतकऱ्याच्याही हिताची आहे.

आणि एक गोष्ट अशी, की जिला कुणाच्या मंजुरीची गरज नाही. ज्याचा डबा एस. टी. ने येतो, त्याने तो वर्गमित्रांच्या पंगतीत, चारचौघांसमोर उघडावा. आणि ज्याचा येत नाही, त्याने त्यातली अर्धी भाकरी मागून घ्यावी.