कॅलिबरचा आकडा

जॉर्ज ऑर्वेलचा ‘शूटिंग अॅन एलिफंट’ (१९३६) हा निबंध शिकवताना बंदुकांचा तपशील आपण बहुधा ओलांडून जातो. निवेदकाची पहिली रायफल .४४ विंचेस्टर, हत्तीसाठी ती फारच अपुरी, असे तो स्वतःच नोंदवतो. याउलट डब्ल्यू. डी. एम. बेल या स्कॉटिश शिकाऱ्याने आफ्रिकेत शेकडो हत्ती मारले ते .२७५, म्हणजे जेमतेम ७ मि.मी.च्या रायफलीने. कॅलिबर केवळ व्यास सांगते. गोळीचा वेग आणि घडण नव्हे. विंचेस्टरची गोळी जाड, पण मऊ शिशाची आणि मंद. बेलची बारीक, लांब, कठीण कवचाची, न पसरता कवटी भेदणारी. शिवाय मेंदू नेमका कुठे असतो, हे त्याने हत्तीची कवटी कापून अभ्यासले होते. हे बेलचे कौतुक नव्हे. त्याची शिकार हस्तिदंताच्या व्यापारासाठीच होती. परंतु ऑर्वेलचा निवेदक पुढे खास हत्तीची रायफल मागवतो, आणि मेंदू पुढच्या बाजूला असेल अशा समजुतीने कानाच्या पुढे नेम धरतो. हत्तीला मरायला अर्धा तास लागतो. मोठे शस्त्र हाती आहे, पण ज्याच्यावर ते रोखले त्याची ओळख नाही! साम्राज्यसत्तेवरील ऑर्वेलची टीका मला या तपशिलात अधिक धारदार वाटते. म्हणूनच तो आकडा वर्गात वगळू नये.