नवा लॅपटॉप घेण्याआधी



कॉलेज सुरू झाले की अनेक घरांत एकच मागणी असते, ‘अब्बू, हा लॅपटॉप फार हळू चालतो, नवा घ्या.’ तक्रार खरी असते. सात-आठ वर्षांचा लॅपटॉप सुरू व्हायलाच कित्येक मिनिटे घेतो. पण व्याजाच्या हप्त्यावर नवा आणण्याआधी एक गोष्ट तपासा. त्यात हार्ड डिस्क आहे की एसएसडी?

हार्ड डिस्कमध्ये चकत्या गरगर फिरत असतात. लॅपटॉपमध्ये बहुधा मिनिटाला ५,४०० फेरे. एक बारीक दांडी त्यांवर सरकत माहिती शोधते. एसएसडीत फिरणारे काहीच नाही, माहिती थेट चिपमध्ये साठते. हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १०० एमबी वाचते, तर साधी साटा एसएसडी ५०० एमबीच्या आसपास. खरा फरक शोधण्यात आहे. लॅपटॉप सुरू होताना हजारो लहान फायली लागतात. त्या शोधायला एसएसडीला डिस्कच्या शंभराव्या हिश्श्याइतकाही वेळ पुरतो. म्हणून जुनाच लॅपटॉप अर्ध्या-पाऊण मिनिटात उघडू लागतो.

दुसरा फायदा मजबुतीचा. एसटीच्या धक्क्यांत किंवा चालू लॅपटॉप हातातून निसटला, तर फिरत्या डिस्कला इजा होऊ शकते. एसएसडीला ती भीती फार कमी. आवाज नाही, बॅटरीही थोडी वाचते.

मात्र एसएसडी म्हणजे जादू नव्हे. रॅम ४ जीबीच असेल तर तीही वाढवावी लागेल. मदरबोर्ड किंवा स्क्रीन बिघडली असेल तर तिचा उपयोग नाही. दुकानदाराला मॉडेल दाखवून साटा बसते की एनव्हीएमई, हे विचारून घ्या. अभ्यासासाठी २५६ जीबी बहुतेकांना पुरते. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ चालत नसेल तर मोफत लिनक्स घालता येते.

दोन गोष्टी विसरू नका. एसएसडी काही सूचना न देता बंद पडू शकते आणि मग माहिती परत मिळवणे अवघड असते. मार्कशीट, दाखले, जमिनीचे कागद यांची दुसरी प्रत ठेवाच. आणि काढलेली जुनी डिस्क दुकानात सोडून येऊ नका. तिच्यात घरातल्या आया-बहिणींचे फोटो असतात, ती घराची अमानत आहे. यूएसबी केसमध्ये घातली की तीच दुसरी प्रत ठेवायला कामी येते.

मुलांच्या तालीमवर खर्च जरूर करावा. पण चालणारी वस्तू टाकून कर्ज काढणे हा इसराफ आहे. जिथे थोड्या खर्चाची दुरुस्ती पुरते, तिथे वाचलेला पैसा फीसाठी आणि किताबांसाठी ठेवा. त्यात बरकत आहे, इन्शाअल्लाह.