चंद्राशी चाललेला हिशेब

मानवाने चंद्रावर पहिले पाऊल ठेवले त्याला अर्धशतक उलटून गेले. त्या मोहिमेचा राजकीय आवेश केव्हाच ओसरला. ज्या स्पर्धेतून ती जन्मली, तिच्यातील एक महासत्ता १९९१ साली जगाच्या नकाशावरून नाहीशी झाली. परंतु जुलै १९६९ मध्ये आर्मस्ट्राँग आणि आल्ड्रिन यांनी चंद्राच्या धुळीत ठेवलेली एक चौकट मात्र आजही आपले काम चोख बजावीत आहे. तिच्यात काचेचे शंभर त्रिकोणी लोलक बसवलेले आहेत. पृथ्वीवरून आलेला प्रकाश आल्या वाटेने परत पाठवणे एवढेच त्यांचे काम. त्यासाठी त्यांना वीज लागत नाही की देखभाल लागत नाही.

१९७१ साली अपोलो १४ आणि अपोलो १५ या मोहिमांनी अशाच आणखी दोन चौकटी तेथे ठेवल्या. सोव्हिएत रशियाच्या लुनोखोद या दोन स्वयंचलित गाड्यांवर फ्रान्समध्ये बनवलेले परावर्तक होते. त्यांपैकी पहिल्या गाडीचा ठावठिकाणा जवळजवळ चाळीस वर्षे नीट लागत नव्हता. २०१० साली अमेरिकी यानाने घेतलेल्या छायाचित्रांवरून ती सापडली, आणि तिच्यावरील परावर्तकाने अपेक्षेहून अधिक प्रकाश परत पाठवला. शीतयुद्धाने दुभंगलेल्या जगाने पाठवलेली ही साधने आज एकाच हिशेबाच्या कामी येत आहेत, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

हा हिशेब वरकरणी सोपा दिसतो. दुर्बिणीतून लेसरचा क्षणिक झोत चंद्राकडे सोडायचा, तो सुमारे अडीच सेकंदांनी परततो तो क्षण टिपायचा आणि प्रकाशाच्या वेगाने गुणून अंतर काढायचे. प्रत्यक्षात चंद्रापर्यंत पोचेतो तो झोत काही किलोमीटर रुंद होतो. त्याचा अत्यल्प भाग परावर्तकावर पडतो आणि परतीच्या वाटेवर तोही पसरतो. अब्जावधी प्रकाशकण सोडावे, तेव्हा एखादा हाती लागतो. तरीही अमेरिकेतील अपाचे पॉइंट वेधशाळेने सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटरचे हे अंतर मिलिमीटरच्या मापात मोजण्यापर्यंत मजल मारली आहे.

इतक्या बारीक मापाचा उपयोग काय, असा प्रश्न कोणत्याही करदात्याला पडावा. चंद्र दरवर्षी सुमारे ३.८ सेंटिमीटरने पृथ्वीपासून दूर जात आहे, आणि त्याच्या गाभ्याचा काही भाग द्रवरूप आहे, हे या मोजमापातून कळले. पण त्याहून मोठा प्रश्न गुरुत्वाकर्षणाचा आहे. जड आणि हलका असे दोन्ही पदार्थ सारख्याच वेगाने खाली येतात, हे गॅलिलिओच्या काळापासून मानले गेले. आइन्स्टाइनने त्याच पायावर आपला सापेक्षतावाद उभारला. मात्र स्वतः गुरुत्वाकर्षणाच्या ऊर्जेलाही हा नियम लागू पडतो काय? पृथ्वीत या ऊर्जेचे प्रमाण चंद्रापेक्षा जास्त आहे. ती ऊर्जा नियमाबाहेर असेल, तर पृथ्वी आणि चंद्र सूर्याकडे सारख्या प्रमाणात खेचले जाणार नाहीत आणि चंद्राची कक्षा सूर्याच्या दिशेत सुमारे १३ मीटरपर्यंत सरकेल, असे केनेथ नॉर्टवेट यांनी १९६८ च्या सुमारास दाखवून दिले. मोजमापात असा सरकाव सेंटिमीटरभरही आढळला नाही. डिरॅक यांनी १९३७ साली मांडलेली, गुरुत्वाकर्षणाचा स्थिरांक काळानुसार क्षीण होत असावा, ही कल्पनाही याच कसोटीवर टिकलेली नाही.

म्हणजे एवढ्या खटाटोपातून 'फरक आढळला नाही' एवढेच उत्तर मिळाले, असे कोणी म्हणेल. महाराष्ट्राला तरी या उत्तराचे मोल पटावे. पंचांगशुद्धीच्या वादात अयनांशाबद्दल मतभेद असूनही लोकमान्य टिळक आणि व्यंकटेश बापूजी केतकर यांचा आग्रह एकच होता: गणिताने काढलेला चंद्र आकाशात दिसणाऱ्या चंद्राशी जुळला पाहिजे. दृक्प्रत्यय हीच अखेरची कसोटी. सिद्धांत कितीही थोर पुरुषाचा असो, तो प्रत्येक पिढीने अधिक बारीक मापाने तपासलाच पाहिजे.

खेदाची गोष्ट ही, की अशा चिकाटीच्या कामावर काटकसरीची कुऱ्हाड आधी पडते. अपोलो मोहिमांनी चंद्रावर ठेवलेली विजेवर चालणारी उपकरणे मुख्यतः खर्चाच्या कारणास्तव ३० सप्टेंबर १९७७ रोजी बंद करण्यात आली. परावर्तक वाचले, कारण त्यांना बंद करण्याजोगी कळच नव्हती. परंतु त्यांच्याकडे पाहणारी दुर्बीण बंद करता येते. टेक्सासमधील मॅक्डोनाल्ड वेधशाळेचे चंद्रमापनाचे अनुदान २००९ साली थांबवण्यात आले. ते वर्षाला सव्वा लाख डॉलरच्या आसपास होते. चंद्रमोहिमांच्या खर्चापुढे ते नगण्यच म्हणायचे. तुटलेली नोंद मागाहून पैसे ओतून भरून काढता येत नाही, हे सरकारी कचेऱ्यांतील कारकुनालाही ठाऊक असते. ते खजिन्याच्या किल्ल्या सांभाळणाऱ्यांना का कळू नये?

या प्रश्नाशी आता भारताचाही संबंध आला आहे. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळील प्रदेशात उतरलेल्या 'विक्रम'वर नासाने दिलेला अवघ्या २० ग्रॅमचा परावर्तक आहे. १२ डिसेंबर २०२३ रोजी चंद्राभोवती फिरणाऱ्या अमेरिकी यानाने त्याच्याकडून प्रतिसाद मिळवला. मात्र तो चंद्राभोवतीच्या यानांसाठी आहे. पृथ्वीवरून मोजण्याइतका मोठा नाही. जुन्या पाचही परावर्तकांपैकी एकही चंद्राच्या दूर दक्षिणेला नाही. शिवाय चंद्र किंचित डोलत असल्याने त्या रुंद चौकटी तिरप्या होतात आणि माप धूसर होते. यावर उपाय एकच मोठा लोलक वापरण्याचा. तसा एक २ मार्च २०२५ रोजी अमेरिकेतील खासगी यानाने चंद्राच्या उत्तर गोलार्धात नेला. दक्षिणेची जागा अद्याप मोकळी आहे, आणि तेथे उतरण्याचा अनुभव भारतापाशी आहे. पुढील मोहिमेत असा लोलक पाठवणे, त्याच्या जोडीला चंद्रमापनाची दुर्बीण उभारणे आणि मुख्य म्हणजे ती पन्नास वर्षे चालू ठेवण्याची तरतूद करणे, हे आपल्या आवाक्याबाहेरचे नाही.

यान उतरले त्या संध्याकाळी देशाने जल्लोष केला, तो योग्यच होता. पण विज्ञान जल्लोषाच्या संध्याकाळी वाढत नाही; त्यानंतरच्या हजारो निनावी रात्री कोणी तरी नोंदवही उघडून बसते, म्हणून ते वाढते. त्या नोंदवहीची तरतूद अर्थसंकल्पात दिसेल, तेव्हाच भारत चंद्रावर खऱ्या अर्थाने स्थिरावला असे म्हणता येईल.