त्यांनी टीव्ही पाहिला तर आपलं काय जातं?

दसरा झाला, दिवाळी तोंडावर आली की आमच्या गंगाखेड, सोनपेठ, पाथरीकडच्या रस्त्यांवरून ट्रॅक्टर निघायला लागतात. एकेका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रेलर. त्यात ज्वारीची पोती, पत्र्याच्या पेट्या, कोयते, चुलीची लोखंडी चौकट, बांधलेली शेळी, टोपलीखाली कोंबड्या, आणि या सगळ्यावर बसलेली माणसं. पाच-सहा महिन्यांचं घर चाकांवर चाललेलं असतं. अलीकडे त्यात आणखी एक वस्तू दिसते. गोधडीत गुंडाळून उभा धरलेला टीव्ही, आणि ट्रेलरच्या फळीला सुतळीने बांधलेली त्याची छत्री.

ती छत्री दिसली रे दिसली की रस्त्याकडेला चहा पिणाऱ्या शहाण्यांना कंठ फुटतो. "बघा, उचल घेतली आणि टीव्हीत घातली! पोराच्या पायात चप्पल नाही, आणि यांना मालिका पाहिजेत." हे वाक्य मी शिकलेल्या लोकांच्या तोंडून ऐकलं आहे, निवृत्तिवेतन घेणाऱ्यांच्या तोंडून ऐकलं आहे, आणि (नाती सांभाळून लिहिते, पण लिहिते) आपल्या घरातल्या कार्यातही ऐकलं आहे. आजचं लिखाण त्या वाक्याविरुद्ध आहे.

आता गंमत बघा. आपल्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मध्यंतरी परदेशातल्या भाच्याने चाकांवरच्या घराचे फोटो टाकले होते. सुट्टीसाठी भाड्याने घेतलेलं. आत पलंग, ओटा, न्हाणी, आणि भिंतीवर टीव्ही. दोन दिवस ग्रुपवर चर्चा चालली. टीव्ही किती इंची असावा, छतावर सोलर पॅनेल बरं की इन्व्हर्टर, बॅटरी किती टिकते... एकानेही "ही चैन कशाला?" असं विचारलं नाही. उलट सगळ्यांनी अंगठे दाखवले! आपल्या राज्य सरकारनेही २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटन धोरण मंजूर केलं. अशी घरं जिथे थांबतील तिथे पाणी, रस्ता, वीज अशा सोयी असाव्यात, हे त्यात मान्य केलेलं आहे. छान आहे, माझी काही हरकत नाही. मग मौजेसाठी चाकांवर राहणाऱ्याला विजेचं बटण ही गरज, आणि पोटासाठी चाकांवर निघालेल्याला ती चैन, हा हिशेब कुठल्या शाळेत शिकवतात? मी तरी माझ्या वर्गात शिकवला नाही.

बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडं सांगते. नवरा-बायकोच्या जोडीला ऊसतोडीत 'एक कोयता' म्हणतात. माणसांची मोजदाद हत्याराच्या नावाने! हंगामाआधी मुकादमाकडून उचल घ्यायची आणि ती ऊस तोडून फेडायची. बीड जिल्ह्याचं नाव यात मोठं, पण आपल्या परभणीच्या गोदाकाठच्या आणि डोंगरकडच्या गावांतूनही टोळ्याच्या टोळ्या जातात. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे, थेट बेळगावपर्यंत. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, तेव्हा तो टनाला २७३ रुपयांवरून ३६६ रुपये झाला. एका कोयत्याने दिवसाला दीड-दोन टन ऊस तोडायचा, साळायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून वाहून गाडीत भरायच्या. पहाटे अंधारात उठायचं आणि अंधार पडल्यावर कोपीवर परतायचं. मग बाईने चूल पेटवायची. कोपी म्हणजे बांबू आणि पाचटाची, किंवा ताडपत्रीची, वाकून आत जावं लागेल अशी. त्या पाचटात रॉकेलची चिमणी किंवा मेणबत्ती लावायची म्हणजे जीव मुठीत धरूनच.

नोकरीत मी दर वर्षी दिवाळीनंतर हजेरीपट उघडायची तेव्हा कितीतरी नावांपुढे 'स्थलांतरित' असा शेरा लिहावा लागे. ती पोरं कुठे जातात ते मला नकाशावर दाखवता येत होतं. संध्याकाळी सहानंतर ती काय करतात, हे मात्र कुठल्याच नकाशात नव्हतं. अंधारात बसतात, हे त्याचं उत्तर.

आता एकेक आक्षेप घेऊ.

पहिला : पोटाला नाही आणि टीव्ही कशाला? मंडळी, १९८७-८८ साली रविवारी सकाळी रामायण लागायचं तेव्हा आपल्याच खेड्यांत काय चाललं होतं ते आठवा. वीज गेली की ट्रॅक्टरची बॅटरी सोडून आणायची, काळ्या-पांढऱ्या लहान टीव्हीला जोडायची, आणि अख्ख्या गल्लीने ओसरीवर बसून बघायचं. तेव्हा त्याला कुणी उधळपट्टी म्हटलं नाही. त्याच्याही आधी, १९७५-७६ साली 'साइट' नावाच्या प्रयोगात सरकारने उपग्रहाच्या मदतीने सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत टीव्ही नेले होते. आपला महाराष्ट्र त्या सहांत नव्हता, पण शेजारच्या कर्नाटकातल्या आणि आंध्रातल्या गावांत ते संच लागले. शेती, आरोग्य, मुलांचं शिक्षण यासाठी. म्हणजे गरिबाला टीव्ही आधी पोचला पाहिजे, हा विचार पन्नास वर्षांपूर्वी दिल्लीला सुचला होता. आपल्याला मात्र तो अजून पचत नाही.

दुसरा : हातात मोबाईल आहे की! आहे. पण मोबाईल एकाचा असतो आणि टीव्ही दहांचा. मोबाईलला दर महिन्याला पैसे भरावे लागतात. दूरदर्शनच्या फ्री डिशला छत्री आणि डबा एकदा घेतला की महिन्याचं भाडं नाही, आणि त्यात आपली सह्याद्री वाहिनीही दिसते. २०२० साली करोनात शाळा बंद होत्या तेव्हा याच सह्याद्रीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी 'टिलीमिली' ही मालिका लागली होती. तेव्हा टीव्ही म्हणजे शाळा होती! तीच वस्तू ऊसतोड्याच्या ट्रेलरवर दिसली की चैन कशी होते? शिवाय बेळगावकडच्या फडावर गेलेल्या आपल्या पोरांना रात्री चार शब्द मराठी कानावर पडले, तर ते काय वाईट?

तिसरा : टीव्ही आला की माणसं आळशी होतात. दिवसभर दीड टन ऊस डोक्यावरून वाहणाऱ्या बाईला आळशी म्हणणाऱ्याने आधी एक मोळी उचलून दाखवावी. नंतर बोलू.

असो. रागाने बोलून झालं, आता कामाचं बोलू. माझा एक जुना विद्यार्थी ट्रॅक्टर घेऊन टोळीबरोबर जातो. बॅटरी-वायरिंगचं काम त्याला चांगलं कळतं. त्याला मी खोदखोदून विचारलं. तो म्हणाला, "बाई, टीव्ही लहानच घ्यायचा. चोवीस इंची लई झाला कोपीला." त्याने सांगितलेला हिशेब असा. चोवीस इंची एलईडी टीव्ही साधारण ३० वॅट घेतो, फ्री डिशचा डबा १० वॅटच्या आसपास. जुना फुगीर काचेचा रंगीत टीव्ही त्याच कामाला दुप्पट-तिप्पट खातो, म्हणून स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये. स्मार्ट टीव्हीची गरज नाही, इंटरनेट आणणार कुठून? ज्या लहान टीव्हीच्या अडॅप्टरवर १२ व्होल्ट लिहिलेलं असतं तो बॅटरीवर थेट चालू शकतो, इन्व्हर्टरमधली गळती वाचते. पण मध्ये व्होल्टेज स्थिर ठेवणारी पेटी हवीच, कारण चार्ज होताना बॅटरी चौदाच्या वर जाते. छत्री आपल्या भागात आग्नेयेकडे तोंड करून, बरीच वर बघेल अशी लावायची. आणि प्रवासात टीव्ही आडवा ठेवायचा नाही. उभा, गोधडीत, दोन गाद्यांच्या मध्ये.

बॅटरीचं त्याने बजावून सांगितलं. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर रात्रभर टीव्ही लावला तर पहाटे ट्रॅक्टर सुरू होत नाही आणि टोळीची खेप बुडते. ती बॅटरी एकदम जोर लावण्यासाठी असते, हळूहळू रिकामी होण्यासाठी नसते. म्हणून घरात इन्व्हर्टरला वापरतात तसली वेगळी बॅटरी घ्यावी. १२ व्होल्ट आणि ८० अँपिअर-तास म्हणजे ९६० वॅट-तास. त्यातली निम्मीच वापरायची, म्हणजे ४८०. तीन तास टीव्ही, पाच तास ९ वॅटचा दिवा आणि दोन मोबाईल मिळून रात्रीला सव्वादोनशेच्या आसपास लागतात. म्हणजे दोन रात्री निघतात. शंभर वॅटचं सोलर पॅनेल असलं तर हिवाळ्याच्या स्वच्छ उन्हात दिवसाला चारशेपर्यंत वॅट-तास मिळतात, प्रश्नच मिटला.

पण प्रश्न मिटत नाही. कारण ही बॅटरी, हे पॅनेल, सगळं त्या कोयत्याने उचलीच्या पैशातून आणायचं! आणि इथेच मला खरं भांडायचं आहे.

रात्रीला सव्वादोनशे वॅट-तास म्हणजे पाव युनिटही नाही. पाच महिन्यांच्या हंगामाला एका कोपीचे चाळीस युनिट धरा. आता साखर कारखान्याकडे बघा. उसाचा रस काढल्यावर जी चिपाडं उरतात, ज्याला बगॅस म्हणतात, ती टनाला ३०० किलोच्या आसपास निघतात. ती बॉयलरमध्ये जाळून कारखाने वीज करतात. जास्त दाबाचे नवे बॉयलर असलेल्या कारखान्यात टनामागे शंभराच्या आसपास युनिट तयार होतात. काही कारखाना वापरतो, उरलेली विकतो. महाराष्ट्रात अशा सहवीजनिर्मितीची क्षमता २००० मेगावॅटच्या वर गेली आहे. एका कोयत्याने हंगामात दीडशे टन ऊस तोडला असं कमीत कमी धरलं, तरी त्या उसातून पंधरा हजार युनिट वीज होते. त्यातले चाळीस त्यांना द्यायचे. पावणेचारशे भागातला एक भाग! दहा रुपये युनिट धरलं तरी चारशे रुपये. एका टनाच्या तोडणीपेक्षा जरासे जास्त.

ज्या हातांनी तोडलेल्या उसाच्या चिपाडावर कारखान्याचे दिवे रात्रभर झळकतात, ते हात त्याच कारखान्याच्या कुंपणाबाहेर चिमणी लावून भाकरी थापतात. माझ्या सत्तरीतल्या डोळ्यांना यापेक्षा मोठी चैन दिसत नाही. आणि ती चैन कोपीवाल्यांची नव्हे.

कारखान्याची बाजू मी ऐकलेली आहे. "कोप्या तात्पुरत्या असतात, पाचटाला आग लागेल, वायरीत माणूस चिकटेल." ठीक आहे. मग आकडे टाकून वीज चोरण्याची वेळ त्यांच्यावर येते तेव्हा माणूस चिकटत नाही का? चार-चार कोप्यांत एक खांब, त्यावर बंद पेटी, धक्का बसायच्या आत वीज तोडणारं बटण, आणि प्रत्येक कोपीला एक दिवा, एक जोड. कारखान्याजवळ राहणाऱ्या बैलगाडीवाल्यांची सोय एवढ्यात होते. लांबच्या गावांत, गायरानावर उतरलेल्या ट्रॅक्टर टोळ्यांना खांब पोचणार नाही, हे मला मान्य. पण त्यांचा ट्रेलर रोज कारखान्यावर येतोच की! वजनकाट्यापुढे नंबर लागेपर्यंत तासन् तास उभा असतो. तिथेच बॅटऱ्या चार्ज करण्याचा एक कट्टा बांधा. ऊस रिकामा होईपर्यंत बॅटरी भरते. यात कुठलं नवं तंत्रज्ञान लागत नाही, मनात आणावं लागतं. ऊसतोड कामगारांच्या महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये घ्यायचे, असं सरकारने ठरवलंच आहे. त्या कामांच्या यादीत कोपीतल्या दिव्याला पहिल्या पानावर जागा द्या.

आपल्यापैकी बरेच जण कुठल्या ना कुठल्या कारखान्याचे सभासद आहेत, काहींचा ऊस जातो, काहींची ओळख संचालकांशी आहे. वार्षिक सभेत लाभांशाबद्दल विचारतो तसं एकदा उठून विचारा, "आपल्या तोडणीवाल्यांच्या कोपीत दिवा आहे का?" एवढा एक प्रश्न इतिवृत्तात नोंदवून घ्या. पुढच्या वर्षी पुन्हा विचारा.

आणि तोवर, ट्रेलरवर छत्री बांधलेली दिसली तर चहाचा घोट घ्या आणि गप्प बसा. त्या घरात संध्याकाळी काय लावायचं, ते त्या घरातली बाई ठरवेल. तुम्हाला काय वाटतं ते खाली लिहाच. विरोधात असलात तर जरूर लिहा, मी उत्तर देणार आहे.